नको असलेले मेल बंद करताना: अनसबस्क्राइब कधी, ब्लॉक कधी आणि 'रिपोर्ट स्पॅम' कधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या बहुतेक लहान वर्कशॉपचा मेल आयडी एकच असतो आणि तो मालक, त्यांचा मुलगा, अकाउंटंट आणि डिस्पॅच बघणारा असे सगळे मिळून वापरतात. सकाळी इनबॉक्स उघडला की कर्जाच्या ऑफर, प्रदर्शनांची आमंत्रणं, कधीकाळी एकदा उघडलेल्या पोर्टलची रोजची पत्रं, आणि या ढिगाखाली कुठेतरी खऱ्या ग्राहकाची ऑर्डर. मग कंटाळून जो तो हाताला येईल ते बटण दाबतो. बहुतेक वेळा ते बटण 'रिपोर्ट स्पॅम'चं असतं.

मी अशा काही वर्कशॉपच्या मेलचं काम बघतो. शिवाय आमच्या निसर्गप्रेमी मंडळाच्या सूचना सभासदांना मेलवर पाठवायचं कामही माझ्याकडे आहे. म्हणजे नको ते मेल येणाऱ्यांचा वैताग मी रोज पाहतो, आणि हवे असलेले मेल पोहोचत नाहीत तेव्हा काय होतं तेही पाहतो. पहिल्यांदाच इनबॉक्स साफ करायला बसणाऱ्याने कुठून सुरुवात करावी आणि कुठे थांबावं, हे पुढे क्रमाने लिहिलंय. बटणांची नावं जीमेलमधली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांचं खातं तिथंच असतं. याहू आणि आउटलुकमध्ये मांडणी थोडी वेगळी, पण रीत तीच.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- संगणक किंवा लॅपटॉप. मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर (ठरावीक मेल आपोआप वळवणारे किंवा पुसणारे नियम) बनवता येत नाहीत आणि लिंक नेमकी कुठे नेते तेही नीट दिसत नाही.
- तुमचे सगळे मेल आयडी, जुने आणि बंद पडल्यासारखे वाटणारेसुद्धा, त्यांच्या पासवर्डसह.
- त्या खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर चालू असलेला.
- एक वही किंवा एक्सेलची शीट. कंपनी, तारीख, काय केलं, एवढे तीन रकाने पुरतात.
- स्क्रीनशॉट ठेवायला एक फोल्डर.

आयडी सामाईक असेल तर आणखी एक गोष्ट: हे काम कोण करणार ते आधी ठरवा आणि बाकीच्यांना तसं सांगा. चौघांनी चार पद्धतीने साफसफाई केली तर काय कुणी बंद केलं याचा पत्ता लागत नाही.

१. मेल कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा

घाई इथंच होते. बटण दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा पत्ता यांना मी, किंवा आमच्यापैकी कुणी, दिला होता का?

दिला असेल तर तो जाहिरातीचा मेल असला तरी स्पॅम नाही. राजारामपुरीतल्या दुकानात बिल करताना काउंटरवर मेल आयडी सांगितला, प्रदर्शनात व्हिजिटिंग कार्ड पेटीत टाकलं, मुलाच्या बारावीनंतर चार कॉलेजांचे चौकशी अर्ज भरले, तर त्यांचे मेल येणारच. ते नको झाले असतील, पण ते बोलावल्यावर आलेत. यांच्यासाठी अनसबस्क्राइब आहे, म्हणजे त्यांच्या मेलच्या यादीतून आपलं नाव काढून घेणं.

दुसरा प्रकार ग्रुपच्या मेलचा. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, व्यावसायिकांची संघटना, ट्रेकिंगचं मंडळ. इथं एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं. बाहेर पडायची रीत वेगळी आहे, ती चौथ्या पायरीत सांगतो.

तिसरा प्रकार व्यवहाराच्या मेलचा: बँकेचं स्टेटमेंट, ओटीपी, जीएसटीच्या सूचना, महावितरणचं ई-बिल, रेल्वेचं तिकीट, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस. यांच्या खाली बऱ्याचदा अनसबस्क्राइबची सोयच नसते, आणि ते बरोबरच आहे. यांना हात लावू नका. फार झाले तर एक लेबल बनवून बाजूला वळवा.

चौथा प्रकार उघड फसवणुकीचा. पाठवणाऱ्याचं नाव बँकेचं, पण नावावर माउस नेल्यावर दिसणारा पत्ता भलताच. यावर सातव्या पायरीत लिहिलंय.

२. मेल नेमका कुठल्या पत्त्यावर येतोय ते बघा

अनसबस्क्राइब करूनही मेल थांबत नाहीत, या तक्रारीमागे मला सर्वात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे. वर्कशॉपचा जुना आयडी असतो, तो वापरात नाही म्हणून त्याचे मेल नव्या आयडीवर फॉरवर्ड करून ठेवलेले असतात, आणि ही गोष्ट सेटिंग करणारा माणूस सोडून कुणाच्या लक्षात नसते. यादीत नाव जुन्या पत्त्याचं असतं. तुम्ही नव्या पत्त्याने 'मला काढा' म्हणता. तिकडून उत्तर येतं की हा पत्ता आमच्याकडे नाही. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

मेल उघडल्यावर पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'टू मी' असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करा. मेल कुणाच्या पत्त्यावर आलाय ते दिसेल. तिथंही उलगडलं नाही तर उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' उघडा. घाबरवणारा लांबलचक मजकूर दिसेल, त्यात 'डिलिव्हर्ड टू' आणि 'टू' या ओळी शोधा. जुना आयडी तिथं सापडतो.

याच पायरीवर आणखी एक प्रकार उघडकीला येतो, आणि आपल्या भागात तो जरा जास्तच. आद्याक्षर, मग पाटील आणि पुढे एखादा आकडा, असे आयडी कोल्हापुरात किती असतील याचा विचार करा. जाधव, चव्हाण, कांबळे यांचंही तेच. दुसऱ्या कुणीतरी फॉर्म भरताना एक अक्षर चुकवलं की त्यांचे मेल आयुष्यभर तुमच्याकडे. जीमेल पत्त्यातली टिंबं मोजत नाही हेही लक्षात ठेवा. टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच खातं असतो, त्यामुळे 'हा टिंबवाला माझा नव्हे' असं वाटलं तरी तो तुमचाच असतो. असा दुसऱ्याचा मेल आला तर जाहिरात असेल तर सरळ अनसबस्क्राइब करा. बिल, विमा किंवा ॲडमिशनचा असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला 'हा पत्ता तुमच्या ग्राहकाचा नाही' एवढं कळवा. पासवर्ड बदलून त्यांच्या खात्यात शिरू नका. मदत करायच्या हेतूनेसुद्धा नको.

३. अनसबस्क्राइब करा, पण आधी वरचं बटण

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच 'अनसबस्क्राइब' लिहिलेलं असतं. मोबाइलवर ते तीन टिंबांच्या मेनूत सापडतं. आधी हेच वापरा. हे बटण मेलच्या मजकुरातून येत नाही. मेलच्या डोक्यावर, आपल्याला न दिसणाऱ्या भागात, पाठवणाऱ्याने बाहेर पडायचा पत्ता दिलेला असतो, तो वाचून जीमेल हे बटण दाखवतं. ही सोय १९९८ पासून ठरलेली आहे. एका क्लिकमध्ये काम व्हावं यासाठीचा नियम २०१७ मध्ये आला, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने तो मोठ्या पाठवणाऱ्यांवर बंधनकारक करायला घेतला. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं.

जीमेलच्या डाव्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं पान २०२५ पासून मिळू लागलंय. तुम्ही ज्या-ज्या यादीत आहात त्या तिथं एकत्र दिसतात, कुणाकडून अलीकडे किती मेल आले तेही कळतं. सुरुवात तिथून केलीत तर अर्धं काम तासाभरात उरकतं.

वरचं बटण नसेल तर मेलच्या अगदी तळाशी जा. बारीक, फिकट करड्या अक्षरांत लिंक असते. ती उघडल्यावर मात्र सावकाश वाचा, कारण अडवण्याच्या युक्त्या पुढच्या पानावर मांडलेल्या असतात:

- मोठं रंगीत बटण 'मला मेल हवेत' असं असतं आणि 'काढा' ही साधी ओळ खाली असते. हात आपोआप रंगीत बटणाकडे जातो.
- दहा-बारा चौकटी असतात: ऑफर, बातम्या, सर्वेक्षण, भागीदारांचे मेल. तुम्ही ज्या मेलमधून आलात त्याचीच एक चौकट रिकामी होते, बाकी टिक तशाच. 'सगळ्यांतून काढा' ही ओळ शोधा, ती बहुधा शेवटी असते.
- 'तीस दिवस थांबवा' हा पर्याय पुढे केला जातो. एकतिसाव्या दिवशी मेल परत सुरू.
- कारण विचारलं जातं. कारण देणं गरजेचं नसतं, पण खाली 'सबमिट' दाबल्याशिवाय काम पूर्ण झालेलं नसतं. पुष्कळ जण पान अर्ध्यात बंद करतात आणि वाटतं, झालं.
- लॉगिन करायला सांगतात. खातं खरोखर तुमचं असेल आणि तुम्ही स्वतः त्यांची साइट उघडून गेलात तरच लॉगिन करा, मेलमधल्या लिंकवरून नको.

मोबाइल नंबर, ओटीपी किंवा बँकेचा कुठलाही तपशील मागितला तर तिथंच थांबा. यादीतून नाव काढायला यातलं काहीही लागत नाही.

'तुमचं नाव काढलं आहे' असं पान दिसलं की स्क्रीनशॉट घ्या आणि वहीत तारीख टाका. पुढचे काही दिवस आणखी एक-दोन मेल आले तर लगेच चिडू नका. अमेरिकन कंपन्यांना तिथल्या २००३ च्या कायद्याने नाव काढायला दहा कामाचे दिवस दिलेले आहेत, म्हणून बऱ्याच मेलमध्ये 'दहा दिवस लागू शकतात' असं लिहिलेलं असतं. दोन आठवडे द्या.

४. ग्रुपमधून बाहेर पडताना सगळ्यांना उत्तर देऊ नका

ग्रुपच्या मेलला 'रिप्लाय' दिला की तो बऱ्याचदा सगळ्या सभासदांकडे जातो. एकाने 'प्लीज माझं नाव काढा' असं लिहिलं की शेकडो लोकांना तो मेल जातो. त्यातले काही 'मलाही काढा' म्हणतात, काही 'सगळ्यांना रिप्लाय देऊ नका' असं सगळ्यांना लिहितात, आणि दुपारपर्यंत ग्रुपवर दुसरं काहीच दिसत नाही. एवढं होऊनही नाव कुणाचंच निघालेलं नसतं, कारण नाव काढायचं काम ग्रुप चालवणारा किंवा त्याची यंत्रणा करते, सभासद नाही.

गूगल ग्रुप असेल तर रीत सोपी आहे. ग्रुपच्या पत्त्यात 'ॲट' चिन्हाच्या लगेच आधी, जागा न सोडता, अधिकचं चिन्ह आणि इंग्रजीत 'अनसबस्क्राइब' हा शब्द घालायचा आणि त्या पत्त्यावर कोरा मेल पाठवायचा. मेल त्याच आयडीवरून गेला पाहिजे, जो ग्रुपमध्ये आहे. इथं दुसरी पायरी सुरुवातीइतकीच महत्त्वाची असते. पुष्टीसाठी उलट मेल आला तर त्याला उत्तर द्या किंवा त्यातली लिंक दाबा. हे राहिलं तर तुम्ही ग्रुपमध्येच राहता.

विद्यापीठं आणि तांत्रिक संस्थांचे ग्रुप पुष्कळदा मेलमॅन नावाच्या यंत्रणेवर चालतात. तिथं पत्त्यात यादीच्या नावानंतर आडवी रेघ आणि इंग्रजीत 'लीव्ह' असा शब्द येतो. प्रत्येक मेलच्या तळाशी यादीचं पान दिलेलं असतं, तिथूनही निघता येतं. इथंही पुष्टीचा मेल येतो, आणि तो स्पॅममध्ये पडलाय का ते बघा. पडलेला असतो बऱ्याचदा.

एक पर्याय लोकांना माहीत नसतो. ग्रुप हवा आहे, पण रोजचे वीस मेल नकोत, असं असेल तर बाहेर पडू नका. सभासदत्वाच्या सेटिंगमध्ये 'डायजेस्ट' निवडा, म्हणजे सगळे मेल एकत्र करून येतात. किंवा 'नो ईमेल' निवडा, मग हवं तेव्हा स्वतः जाऊन वाचायचं.

आणखी एक सावधगिरी: तुम्हाला आलेला जाहिरातीचा किंवा संस्थेचा मेल दुसऱ्याला फॉरवर्ड करताना तळाची अनसबस्क्राइबची लिंक पुसून टाका. ती लिंक तुमच्या नावाची असते. वाचणाऱ्याने ती दाबली तर नाव तुमचं निघतं.

५. तरीही येत राहिले तर

दोन आठवडे उलटले, पत्ता बरोबर आहे, तरी मेल येतोच आहे. आता फिल्टर बनवा. मेल उघडून तीन टिंबांतून 'फिल्टर मेसेजेस लाइक धिस' घ्या, 'फ्रॉम'मध्ये पूर्ण पत्त्याऐवजी फक्त 'ॲट'च्या पुढचा भाग ठेवा, आणि 'डिलीट इट' किंवा 'स्किप द इनबॉक्स' निवडा. मात्र त्याच कंपनीकडून तुम्हाला बिलं किंवा ऑर्डरी येत असतील तर असा सरसकट फिल्टर लावू नका, नाहीतर तेही जातील. तिथं पूर्ण पत्ताच ठेवा.

'ब्लॉक' केलं की त्या पत्त्याचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जातात. एखाद्या व्यक्तीचा त्रास असेल तर हे ठीक. कंपन्या मात्र पाठवायचे पत्ते बदलत राहतात, म्हणून तिथं ब्लॉक फारसा टिकत नाही.

त्यानंतर लेखी कळवा. मजकूर एवढा पुरतो:

"माझा मेल पत्ता आपल्या जाहिरातींच्या सर्व याद्यांमधून काढावा. मी दिनांक … रोजी आपल्या लिंकवरून अनसबस्क्राइब केले होते, त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. त्यानंतर दिनांक … रोजी पुन्हा मेल आला. माझ्या ऑर्डर, बिल आणि खात्याशी संबंधित मेल चालू ठेवावेत. नाव काढल्याचे कळवावे."

चौथं वाक्य गाळू नका. ते नसलं तर काही ठिकाणी खातंच बंद करून टाकतात.

कायद्याचं म्हणाल तर भारतात फक्त स्पॅम मेलसाठी असा वेगळा कायदा नाही. १९०९ वर केलेली डीएनडीची नोंद फोन आणि एसएमएसपुरती आहे, मेलला ती लागत नाही. तिथं मेलची तक्रार करण्यात वेळ घालवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र कामाची तरतूद आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणंही सोपं असलं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. पत्रात या तरतुदीचा उल्लेख करायला आजही हरकत नाही. पैसे भरून घेतलेली सेवा बंदच करू देत नसतील तर तो ग्राहक हक्काचा विषय होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे जे तेरा प्रकार ठरवून दिले, त्यात हा 'सबस्क्रिप्शनचा सापळा' आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर.

६. 'रिपोर्ट स्पॅम' नेमकं काय करतं

ही पायरी नीट वाचा, बाकीचं पुन्हा बघता येईल.

घरी पेपर नको असेल तर आपण पेपरवाल्याला सांगतो, त्याच्याविरुद्ध पोलिसात तक्रार देत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' ही तक्रार आहे. दाबल्यावर मेल नजरेआड होतो म्हणून ते डिलीटसारखं वाटतं, पण मागे बरंच काही घडतं. त्या मेलची प्रत तपासणीसाठी गूगलकडे जाऊ शकते. तुमच्यापुरतं जीमेल शिकतं की याचे मेल याला नकोत. आणि सगळ्यांपुरतं, त्या पाठवणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर एक खूण पडते.

गूगलने पाठवणाऱ्यांना सांगितलेलं प्रमाण असं: तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच पोहोचू देऊ नका. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी हीसुद्धा धोक्याची पातळी. लाखो मेल पाठवणाऱ्या कंपनीकडे हे सांभाळायला माणसं असतात. तीनशे सभासदांच्या मंडळाचं गणित करून बघा: एकाच माणसाने बटण दाबलं तरी प्रमाण ०.३३ टक्के होतं. याहू आणि आउटलुक तर नोंदणी केलेल्या पाठवणाऱ्याला तक्रार परत कळवतात, आणि मेल पाठवणाऱ्या बहुतेक सेवा त्यावरून तुमचं नाव आपोआप काढून टाकतात. तक्रारी वाढल्या तर संस्थेचं खातंच बंद करतात.

आमच्या मंडळाचं सांगतो. काही सभासद आता पूर्वीसारखे फिरत नाहीत. आमच्या मेलच्या पहिल्याच ओळीत बाहेर पडायची लिंक असते, तरी त्यांच्यातल्या काहींनी 'रिपोर्ट स्पॅम' दाबणं सुरू केलं. त्यांचा राग नव्हता, त्यांना ते सोपं वाटलं. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक ठरला होता. आठवडाभर धरणक्षेत्रात पाऊस कोसळत होता, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती, म्हणून आदल्या दुपारी ट्रेक रद्द केल्याचा मेल पाठवला. पहाटे फोन वाजायला लागले. सॅक पाठीला लावून, रेनकोट घालून काही जण ठरल्या जागी उभे होते, कुणी गारगोटीहून आलेलं, कुणी इचलकरंजीहून. सगळ्यांनी फोनमध्ये शोधलं तेव्हा मेल स्पॅममध्ये सापडला. त्यांच्यापैकी कुणीही कधी तक्रार केलेली नव्हती. त्या दिवसापासून रद्द झाल्याची सूचना आम्ही फोनवरही देतो. पण ज्या संस्थेकडे फोन करायला माणसं नाहीत, तिनं काय करायचं?

स्वतःचं नुकसान वेगळंच. एका वर्कशॉपमध्ये सामाईक आयडीवर मोठ्या ग्राहक कंपनीची पुरवठादारांसाठीची माहितीपत्रकं यायची. कुणीतरी ती एकापाठोपाठ स्पॅममध्ये टाकली. पुढे त्याच कंपनीकडून कास्टिंगचं सुधारित ड्रॉइंग आलं, तेही स्पॅममध्ये गेलं. इकडे जुन्या ड्रॉइंगवर काम चालू. तिकडून फोन आला म्हणून कळलं, तोवर बराच माल ओतून झाला होता.

मग हे बटण दाबायचं कधी? पत्ता कधीच दिला नव्हता आणि तरी जाहिराती येतायत, म्हणजे कुणीतरी पत्त्यांची यादी विकत घेतली आहे. बाहेर पडायची सोयच दिलेली नाही. किंवा रीतसर बाहेर पडून दोन आठवडे झाले, तरी पाठवणं चालूच आहे. या तिन्ही वेळी बिनधास्त दाबा. ते बटण यांच्यासाठीच आहे, आणि तुमच्या तक्रारीने पुढच्या माणसाचा इनबॉक्स वाचतो. यादीतला मेल रिपोर्ट करताना जीमेल कधीकधी विचारतं, नुसतं अनसबस्क्राइब करायचं की तक्रारही करायची. तो प्रश्न न वाचता पुढे जाऊ नका.

७. फसवा मेल असेल तर त्यातलं काहीच दाबू नका

'तुमचा मेलबॉक्स भरला आहे', 'रिफंड मंजूर झाला', 'पार्सल अडकलंय'. अशा मेलच्या तळाशी अनसबस्क्राइबची लिंकही हुबेहूब असते. ती दाबली की पाठवणाऱ्याला कळतं, या पत्त्यावर मेल वाचणारं माणूस आहे, किंवा ती लिंक थेट खोट्या लॉगिनवर नेते. संगणकावर लिंकवर माउस नुसता धरला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. तो बँकेचा किंवा सरकारी नसेल तर तीन टिंबांतून 'रिपोर्ट फिशिंग' करा आणि मेल काढून टाका. जोडलेली फाइल उघडू नका. पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

८. चुकून स्पॅममध्ये टाकलेलं परत आणा

डाव्या मेनूत 'मोअर' उघडून 'स्पॅम'मध्ये जा. हवा तो मेल उघडून 'नॉट स्पॅम' दाबा आणि पाठवणाऱ्याला कॉन्टॅक्टमध्ये घ्या. महत्त्वाच्या ग्राहकांसाठी, बँकेसाठी आणि अकाउंटंटसाठी फिल्टर बनवून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सामाईक आयडीला तर केलंच पाहिजे.

स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात आणि मग परत मिळत नाहीत. म्हणून आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एकदा तिथं नजर टाकायची सवय लावा. सेटिंगमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' हे पानही उघडून बघा. वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी ब्लॉक केलेला ग्राहक मला त्या पानावर सापडलेला आहे.

९. नव्या यादीत अडकू नये म्हणून

दुकानं, प्रदर्शनं, सोडती, चौकशीचे फॉर्म यांच्यासाठी वेगळा आयडी ठेवा. धंद्याचा आयडी फक्त ग्राहक, बँक आणि सरकारी कामासाठी. ते जमत नसेल तर जीमेलमध्ये आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घालून पत्ता देता येतो. मेल तुमच्याकडेच येतो आणि पत्ता कुणाकडून फुटला ते कळतं. काही फॉर्म अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथं वेगळा आयडीच बरा. ऑनलाइन फॉर्ममध्ये शेवटच्या बटणाच्या वर आधीच टिक केलेली चौकट असते, ती काढा. काउंटरवर मेल आयडी विचारला तर 'कागदी बिल द्या' म्हणायला हरकत नाही.

१०. तुम्ही स्वतः यादी चालवत असाल तर

सोसायटी, मंडळ, शाळेची माजी विद्यार्थी संघटना यांचं काम बघणाऱ्यांसाठी थोडं. बाहेर पडायची ओळ मेलच्या वरच्या भागात आणि मराठीत द्या. तळाला बारीक अक्षरांत दडवली तर लोक स्पॅमचं बटण दाबणारच. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पत्त्यांपेक्षा जास्त पाठवता येत नाही, म्हणून यादी मोठी असेल तर गूगल ग्रुप किंवा मेल पाठवणारी सेवा घ्या. सगळ्यांचे पत्ते 'टू'मध्ये उघडे टाकू नका. लग्नपत्रिकेतून, व्हॉट्सॲप ग्रुपमधून किंवा दुसऱ्या मंडळाकडून घेतलेले पत्ते विचारल्याशिवाय यादीत घालू नका.

आणि बाहेर पडलेल्यांची वेगळी शीट ठेवा. पदाधिकारी बदलले की नवा सचिव जुनी एक्सेल उघडून सगळे पत्ते पुन्हा चढवतो, आणि रीतसर बाहेर पडलेल्या माणसाला परत मेल जातो. चढवण्याआधी त्या शीटशी एकदा ताडून बघा.